लेकरू झोपेत किंचाळतं, पण जागं होत नाही : ‘नाईट टेरर’ म्हणजे काय, घरच्यांनी काय करावं आणि दवाखाना कधी गाठावा

अणदूर (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) : लेकरू झोपून तास-दीड तास झालेला असतो. एकाएकी ते किंचाळतं आणि उठून बसतं. डोळे सताड उघडे, अंग घामानं चिंब, छाती धडधडतेली. माय जवळ घ्यायला जाते तर तिलाच ढकलून देतं. हाका मारल्या तरी ओळख देत नाही. सगळं घर गोळा होतं. पाच-दहा मिनिटांनी लेकरू आपोआप आडवं होतं आणि काही झालंच नाही असं झोपी जातं. सकाळी विचारलं तर त्याला यातलं काहीही आठवत नाही. रात्रभर जागलेली असते ती माय.

गावात याला कुणी ‘दचकलंय’ म्हणतं, कुणी ‘भ्यालंय’, कुणी ‘नजर लागली’, तर कुणी ‘बाहेरचं आहे’ म्हणून मोकळं होतं. वैद्यकशास्त्रात याला ‘नाईट टेरर’ म्हणतात, म्हणजे गाढ झोपेतला भीतीचा झटका. बहुतेक लेकरांमध्ये हा प्रकार निरुपद्रवी असतो आणि वयाबरोबर जातो. धोका आहे तो दुसऱ्या दोन गोष्टींत. एक, या साध्या प्रकाराला भूतबाधा समजून लेकराला बिब्बा लावणं, चटके देणं. दोन, विंचू, साप किंवा फिट अशा खऱ्या संकटाला ‘नेहमीचं दचकणं’ समजून सकाळची वाट बघणं. म्हणून प्रत्येक घराला यातला फरक माहीत पाहिजे.

नेमकं होतं काय?

झोप एकसारखी नसते, तिचे टप्पे असतात. लहान लेकरं डोळा लागल्यावर थोड्याच वेळात अगदी गाढ झोपेत जातात. रात्रीच्या पहिल्या भागात ही गाढ झोप सर्वांत जास्त असते. त्यातून हलक्या झोपेत येताना कधी कधी मेंदू अर्धाच जागा होतो. हातपाय, आवाज, काळीज जागं झालेलं असतं, पण समज आणि आठवण ठेवणारा भाग झोपलेलाच राहतो.

शेतकऱ्याला हे सहज समजेल. तीन फेजपैकी एखादा फेज गेला की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. लाईट आहे, आवाज आहे, पण पाणी नाही. लेकराचं तसंच होतं. डोळे उघडे दिसतात म्हणून आपल्याला वाटतं ते जागं आहे. प्रत्यक्षात ते झोपेतच असतं. म्हणून ते मायला ओळखत नाही, समजूत काढली तरी ऐकत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. झोपेत चालणं, झोपेत बरळणं हेही याच घराण्यातले प्रकार आहेत.

बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण लेकराच्या आठवणीत त्या भीतीचं काही उरत नाही, ही यातली दिलासा देणारी गोष्ट आहे.

कोणत्या वयात, किती लेकरांना?

साधारण दीड वर्षापासून पुढे हा त्रास दिसतो. तीन ते सात वर्षांच्या लेकरांमध्ये तो जास्त आढळतो आणि वयात येईपर्यंत बहुतेकांचा थांबतो. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या लेकरांचा अनेक वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्यांनी दिलेल्या माहितीवरून त्यात असं दिसलं की दीड वर्षाच्या वयात सुमारे ३४ टक्के लेकरांना असे झटके येत होते. तेराव्या वर्षी हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे हा कुण्या एका घराचा किंवा एका गावाचा दोष नाही.

हा प्रकार घराण्यातही चालतो. त्याच अभ्यासात झोपेत चालण्याची सवय तपासली गेली. आईवडिलांपैकी कुणालाच ती नव्हती तेव्हा सुमारे २२ टक्के, एकाला होती तेव्हा ४७ टक्के आणि दोघांनाही होती तेव्हा ६१ टक्के लेकरं झोपेत चालत होती. त्यामुळे लेकरू रात्री किंचाळलं की ‘तूच कुठंतरी भलत्या वेळी घेऊन गेली असशील’ म्हणून सुनेला बोल लावण्याआधी आजीला विचारावं, बापाचं लहानपण कसं होतं. बऱ्याचदा उत्तर घरातच सापडतं.

तान्ह्या बाळाचं गणित वेगळं

बाळ झोपेत हसलं किंवा ओठ काढून रडलं की ‘सटवाई हसवती, सटवाई रडवती’ असं आपल्याकडे म्हणतात. नवजात बाळाच्या झोपेचा मोठा भाग हलक्या, चाळवलेल्या झोपेचा असतो. त्यात ते हसतं, तोंड वाकडं करतं, हातपाय झटकतं. जोराचा आवाज झाला की दोन्ही हात पसरून दचकतं. पहिल्या काही महिन्यांत हे अगदी स्वाभाविक आहे.

पण एक वर्षाच्या आतलं बाळ रात्री उठून जोरजोरात रडत असेल, तर त्याला नाईट टेरर म्हणून सोडून देऊ नये. या वयात खरा नाईट टेरर क्वचितच असतो. भूक, ओलं लंगोट, गॅस, बंद नाक, कान दुखणं, ताप, डास-मुंगी चावणं ही कारणं आधी बघावीत. बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन कळवळत असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा शीला रक्त येत असेल, तर आतड्यात आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी घुटी उगाळत बसू नये, रात्रीच दवाखाना गाठावा.

वाईट स्वप्न म्हणजे नाईट टेरर नव्हे

या दोन्हींची फार गल्लत होते. फरक असा आहे :

- वेळ : नाईट टेरर झोप लागल्यावर साधारण एक ते तीन तासांत येतो. वाईट स्वप्न बहुधा उत्तररात्री, पहाटेकडे पडतं.
- जाग : नाईट टेररमध्ये लेकरू जागं नसतं. स्वप्नातून ते पूर्ण जागं होतं.
- ओळख : नाईट टेररमध्ये मायला ढकलतं. स्वप्नानं भ्यालेलं लेकरू मायच्या कुशीत शिरतं.
- आठवण : नाईट टेररचं सकाळी काही आठवत नाही. स्वप्न मात्र लेकरू सांगतं, ‘कुत्रं मागं लागलं होतं’, ‘आई हरवली होती’.
- पुन्हा झोप : नाईट टेररनंतर लगेच झोप लागते. स्वप्नानंतर झोपायला भीती वाटते.

वाईट स्वप्न पडलेल्या लेकराला जवळ घ्यावं, त्याचं ऐकावं, दिवा मंद ठेवावा. तीच ती स्वप्नं रोज पडत असतील तर दिवसा लेकराला कशाची भीती आहे हे शोधावं. घरातली दारू, भांडण-मारहाण, शाळेतला मार, जवळच्या माणसाचा मृत्यू, कुणी केलेला वाईट स्पर्श, यातलं काहीही असू शकतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर पट्टा हादरला. रात्रीच्या झोपेची भीती म्हणजे काय, हे लातूर-धाराशिवच्या लोकांना वेगळं सांगायला नको. अशा धक्क्यानंतरची भयस्वप्नं हा वेगळा आणि उपचार लागणारा विषय आहे. ‘होईल मोठं, विसरेल’ म्हणून तो सोडू नये.

त्या दहा मिनिटांत काय करावं?

झटका आला की घरच्यांनी करायचं काम थोडंच आहे, पण ते शांतपणे करावं लागतं.

१. आधी मोबाईलच्या बॅटरीचा उजेड अंथरुणावर टाका. लेकराचे हातपाय, मान, पाठ बघा. विंचू, साप, किडा काही नाही ना, याची खात्री करा. ताप आहे का, हात लावून बघा.

२. खात्री झाली की दोन हात अंतरावर बसा. लेकरू कॉटवरून पडणार नाही, भिंतीवर आपटणार नाही, दाराकडे पळणार नाही, एवढंच राखा.

३. गदागदा हलवून जागं करू नका. तोंडावर पाणी मारू नका, ओरडू नका, मारू तर मुळीच नका. अर्धवट झोपेतलं लेकरू जबरदस्तीनं उठवलं तर आणखी बिथरतं आणि झटका लांबतो.

४. घट्ट आवळून धरू नका. त्याला चालत असेल तरच पाठीवर हात ठेवा. हळू आवाजात एकच वाक्य म्हणत राहा, ‘मी आहे, झोप.’

५. उठून चालायला लागलं तर हाताला धरून हळूच अंथरुणाकडे वळवा.

६. घड्याळ बघा. किती वाजता सुरू झालं, किती मिनिटं चाललं, हे सकाळी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

७. सकाळी लेकरासमोर तो विषय काढू नका. ‘रात्री काय भूत शिरलं होतं का रे’ अशी चेष्टा केली की ज्याला काही आठवतच नव्हतं त्याला झोपेचीच भीती बसते.

बहुतेक झटके पाच-दहा मिनिटांत संपतात. क्वचित अर्धा तासही लागतो.

अंथरुणाची जागा बघा

झटक्यात लेकरू पळत सुटू शकतं. त्यामुळे खरी इजा झटक्यानं होत नाही, ती जागेमुळे होते. ज्या लेकराला हा त्रास आहे त्याला उन्हाळ्यात कठडा नसलेल्या माळवदावर किंवा गच्चीवर झोपवू नये. शेतवस्तीवर विहीर, शेततळं जवळ असेल तर दाराची कडी वरच्या बाजूला, लेकराचा हात पोचणार नाही अशी लावावी. चुलीतला विस्तव विझवून झोपावं. विळा, खुरपं, फवारणीच्या औषधाचे डबे झोपायच्या खोलीत ठेवू नयेत. बंकबेड किंवा उंच कॉट नको.

जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. डासांबरोबर विंचू आणि मण्यारापासूनही तिचं संरक्षण मिळतं.

कशानं वाढतं?

सर्वांत मोठं कारण अपुरी झोप. थकलेलं लेकरू जास्त गाढ झोपतं आणि त्या गाढ झोपेतून बाहेर येताना अडखळतं. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार, दुपारची झोप धरून चोवीस तासांत १ ते २ वर्षांच्या लेकराला ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांच्या लेकराला १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या लेकराला ९ ते १२ तास झोप लागते.

आता आपल्याकडची रात्र बघा. रानातल्या मोटारीची लाईट रात्रीची असली की बाप अकरा-बाराला उठून दारं धरायला जातो. दार वाजतं, गाडी चालू होते, एका खोलीत झोपलेलं लेकरू चाळवतं. सुगीत सोयाबीनची रास चालू असली की जेवणं दहाला होतात. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा, तुळजापूरचं नवरात्र, लग्नाची वरात आणि डीजे, यात लेकरांची झोप दोन-दोन दिवस मोडते. यात्रेहून आल्याच्या रात्रीच लेकरू किंचाळलं तर ‘काहीतरी लागलं’ असं वाटणं साहजिक आहे, पण लागलेला असतो तो थकवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या लेकरांचं यात सर्वांत जास्त हाल होतं. नवं ठिकाण, कोपीत दाटीवाटीनं झोप, पहाटे किंवा मध्यरात्री गाडी भरायला उठणारे आईबाप, आणि झोपेतच उचलून फडात नेलेलं लेकरू. तिथं सगळं जमणार नाही हे खरं. तरी दुपारी दोन तास सावलीत निवांत झोप मिळाली, तरी रात्रीच्या झटक्यांवर फरक पडू शकतो.

इतर कारणं अशी :

- ताप : तापाच्या दिवसांत झटके वाढतात. ताप उतरला की कमी होतात.
- भरलेलं मूत्राशय : झोपण्याआधी लघवीला न्यावं.
- घोरणं : टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असेल तर श्वास अडतो आणि झोप सारखी मोडते. घोरण्यावर उपचार झाले की झटके थांबल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत.
- रक्त कमी असणं : शरीरात लोह कमी असलं की रात्री पायात चुळबूळ होते, झोप शांत लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ६ महिने ते ५ वर्षं वयाची ६८.९ टक्के बालकं रक्तक्षयी आढळली होती. आशाताईंकडून मिळणारं लोहाचं औषध कपाटात ठेवू नका, सांगितल्याप्रमाणे पाजा.
- जंत : बारीक पांढरे जंत रात्री गुदद्वाराशी येतात, खाज सुटते, लेकरू झोपेत कण्हतं. अंगणवाडी-शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये.
- मोबाईल : अंथरुणात मोबाईल बघता बघता झोपलेलं लेकरू उशिरा झोपतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या लेकराला स्क्रीन दाखवूच नये. २ ते ४ वर्षांच्या लेकराला दिवसात एक तासाच्या वर नको.

रोज एकाच वेळी जेवण, मग हातपाय धुणं, एखादी गोष्ट किंवा ओवी, आणि दिवा मंद. एवढं पंधरा दिवस नेमानं पाळलं तरी बऱ्याच घरांत झटके कमी होतात.

ठरवून उठवण्याचा उपाय

झटके रोज आणि साधारण एकाच वेळी येत असतील तर बिनऔषधी एक उपाय आहे. ब्रिटनमधले डॉक्टर ब्रायन लास्क यांनी १९८८ मध्ये तो वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि आजही डॉक्टर तो सुचवतात.

आधी पाच-सहा रात्री झटक्याची वेळ लिहून काढा. समजा लेकरू नऊला झोपतं आणि साडेदहाच्या सुमाराला किंचाळतं. मग रोज सव्वादहाला त्याला हलकेच उठवा. डोळे उघडून हूं म्हणण्याइतपत जाग पुरे. लघवीला न्या, घोटभर पाणी द्या, पुन्हा झोपू द्या. असं दोन ते चार आठवडे करा. गाढ झोपेचं बिघडलेलं चक्र त्यामुळे मोडतं. हा उपाय झटका यायच्या आधीचा आहे. झटका सुरू झाल्यावर उठवायचं नाही, हे वर सांगितलंच आहे.

औषधाची गरज फार थोड्या लेकरांना पडते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. झोप यावी म्हणून मेडिकलमधून आणलेलं सर्दी-खोकल्याचं औषध पाजणं किंवा घुटीत अफू उगाळणं जिवावर बेतू शकतं.

हे नाईट टेरर नाही! लगेच दवाखाना

विंचू : लेकरू अचानक किंचाळलं, रडं थांबतच नाही, एकच हात किंवा पाय आखडून धरतंय, भरपूर घाम, हातपाय गार, लाळ, उलटी. असं असेल तर विंचवाची शंका घ्या. लाल विंचवाचं विष लहान लेकराच्या हृदयावर परिणाम करतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसीन हे औषध यावर गुणकारी असल्याचं दाखवून दिलं. मूळचे जालना जिल्ह्यातल्या या डॉक्टरांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ते औषध वेळेत पोटात जाणं महत्त्वाचं असतं. मंत्र-उताऱ्यात गेलेला तास परत येत नाही.

मण्यार : हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा दुखत नाही, खूणही बऱ्याचदा दिसत नाही. लेकरू उठून पोट दुखतंय म्हणतं, उलटी करतं, मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, गिळता येत नाही. ‘झोपेत आहे’ असं वाटत असतानाच श्वास बंद पडू शकतो. पापण्या उघडत नसतील तर क्षणभरही थांबू नका. चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. १०८ ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्या.

फिट : नाईट टेरर बहुधा रात्रीत एकदाच आणि पहिल्या प्रहरात येतो. फिट कोणत्याही वेळी, रात्रीत अनेकदा, दिवसाही येऊ शकते. दर वेळी ती जवळपास सारखीच दिसते : अंग ताठ होणं, एका बाजूचे झटके, डोळे फिरणं, तोंडाला फेस, ओठ निळे, अंथरुणात लघवी, नंतर अंग ढिलं पडणं. अशा वेळी लेकराला कुशीवर करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवून काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा पहिल्यांदाच आली असेल तर १०८ बोलवा. ६ महिने ते ५ वर्षांच्या लेकराला तापातही फिट येते. तीही डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

श्वास : घोरता घोरता श्वास थांबणं, धाप, छातीत खड्डा पडणं ही लक्षणं दिसली तर उद्यावर टाकू नका.

फरक कळत नसेल तर एकानं लेकरू सांभाळावं आणि दुसऱ्यानं मोबाईलवर मिनिटभर चित्रण करावं. ते चित्रण डॉक्टरांना दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जातं.

उतारा, ताईत आणि डाग

मीठ-मोहरी ओवाळली, दृष्ट काढली आणि लेकरू झोपलं, हा अनुभव घराघरात आहे. तो खोटा नाही. पण झटका मुळातच पाच-दहा मिनिटांचा असतो. मीठ-मोहरी शोधून ओवाळेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. काही केलं नसतं तरी लेकरू झोपलंच असतं. शिवाय हे झटके काही आठवडे येतात आणि मग महिनोन् महिने थांबतात. त्या मधल्या काळात जो ताईत बांधला असेल, त्याला श्रेय जातं. भोंदूबाबाची कमाई याच गणितावर चालते.

लेकरांच्या अशा त्रासाचा विचार जुन्या वैद्यांनीही केला होता. सुश्रुतसंहितेत नऊ आणि अष्टांगहृदयात बारा बालग्रह सांगितले आहेत. त्या काळी झोपेचा अभ्यास करायची साधनं नव्हती. आता ती आहेत.

आजीनं मायेनं दृष्ट काढली तर त्यात लेकराला इजा नाही. मिरचीचा धूर मात्र नको, त्यानं लेकराची छाती भरते. इजा सुरू होते ती पुढच्या पायरीवर. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, त्याचे फोड पिकतात. तापलेल्या सळईचा किंवा विळ्याचा डाग तान्ह्या अंगावर जन्मभर राहतो, जंतुसंसर्ग झाला तर जीवही जातो.

हा कायद्यानंही गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, तापलेल्या वस्तूचे चटके देणं याला शिक्षा आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे.

साधी वेळ घेऊन डॉक्टरांना कधी दाखवावं?

- आठवड्यात दोन-तीनदा किंवा रोज झटके येत असतील
- अर्ध्या तासापेक्षा जास्त चालत असतील
- झटक्यात लेकरू पळतं, लागून घेतं
- रोज घोरतं, तोंड उघडं टाकून झोपतं
- दिवसा सुस्त राहतं, शाळेत झोपतं
- बारा वर्षांनंतर नव्यानं सुरू झाले असतील
- दिवसाही लेकरू घाबरलेलं, गप्प-गप्प असेल

सुरुवात गावातल्या आशाताई, अंगणवाडीताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा लेकरं तपासायला येतं. त्या दिवशी लाजू नये, रात्रीचा त्रास सांगावा. पुढची तपासणी लागली तर तुळजापूरचं उपजिल्हा रुग्णालय, धाराशिवचं शासकीय रुग्णालय किंवा सोलापूरचं सिव्हिल आहे. मनावरच्या ताणासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

अणदूरला या कामाची वाट नवी नाही. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी इथं उभ्या केलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यापाड्यातल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. आपल्याच गल्लीतली, आपलीच भाषा बोलणारी बाई आरोग्याचं सांगते तेव्हा ते घरात ऐकलं जातं, हा त्यामागचा विचार होता. रात्री किंचाळणाऱ्या लेकराच्या बाबतीत तर तो आणखीच लागू पडतो. कारण रात्री अकराला डॉक्टर जवळ नसतो. जवळ असतात ती आजी, चुलती, शेजारीण. त्यांच्यापैकी एकीनं जरी ‘थांबा, उठवू नका, आधी अंथरूण बघा’ एवढं म्हटलं, तरी लेकरू वाचतं आणि मायचा जीवही भांड्यात पडतो.